मणक्यातली सायनोव्हियल सिस्ट : नुसती गाठ काढावी की स्क्रूही बसवावेत?

गोदाकाठ (धागालेखक)

माझ्या आईचे वय ६८ आहे. गेल्या दिवाळीपासून तिचा डावा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणकतो. भाजी आणायला निघाली की मंडईपर्यंत पोचायच्या आतच पाय जड होतो, अंगठ्याच्या बाजूला मुंग्या येतात आणि कुठेतरी टेकावे लागते; बसल्यावर थोड्याच वेळात आराम पडतो. सुरुवातीला सर्वांनी सायटिका म्हणून गोळ्या आणि पट्टा दिला. शेवटी एमआरआय केला, तेव्हा कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या पातळीवर डाव्या फॅसेट सांध्यातून (मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यातून) निघालेली सायनोव्हियल सिस्ट, म्हणजे सांध्याच्या अस्तराची द्रवाने भरलेली गाठ असून तिचा पाचव्या नसेवर दाब येतो आहे, असे अहवालात आले. त्याच पातळीवर वरचा मणका किंचित पुढे सरकलेला आहे, म्हणजे पहिल्या श्रेणीची सरक आहे, हेही लिहिले आहे.

आम्ही दोन शल्यचिकित्सकांना भेटलो. एकांचे म्हणणे असे की सूक्ष्मदर्शकाखाली लहान छेद घेऊन गाठ काढली की पाय मोकळा होईल, स्क्रूंची गरज नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की गाठ हा परिणाम आहे, मूळ दोष सैल झालेल्या सांध्यात आहे, त्यामुळे स्क्रू आणि सळ्या घालून ते दोन मणके जोडले नाहीत तर गाठ पुन्हा होऊ शकते. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही वेळ देऊन समजावले, त्यामुळे आमचा पेच आणखी वाढला. आईला मधुमेह आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. शस्त्रक्रियेशिवाय काही मार्ग आहे का, आणि नसल्यास या दोन मतांतून निवड कशाच्या आधारावर करावी, हे जाणकारांनी सांगावे.

---

उचापती

आता तिसऱ्या डॉक्टरांकडे जा. ते म्हणतील, अर्धे स्क्रू बसवू.

चेष्टा बाजूला ठेवतो. मातोश्रींना लवकर आराम पडो. जाणकारांच्या प्रतीक्षेत येथे बसून राहतो.

---

राखाडी_छटा

माझे काम दिवसभर हेच चित्र पाहण्याचे असल्यामुळे निदानापुरते सविस्तर लिहिते. उपचाराबद्दल लिहिण्याचा अधिकार इतरांचा आहे.

प्रत्येक दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. गुडघ्यासारखेच त्यांनाही कूर्चा, आवरण आणि आत वंगणाचा द्रव असतो. वयानुसार कूर्चा झिजते, सांध्यात द्रव साठतो आणि आवरण जिथे कमकुवत झालेले असते तिथून आतले अस्तर बाहेर डोकावते, जसा सायकलच्या जुन्या टायरला फुगा येतो. तो फुगा बाहेरच्या स्नायूंकडे आला तर सहसा कोणाला कळतही नाही. आतल्या बाजूला, नसांच्या मार्गात आला की पाय दुखू लागतो. कमरेत चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये हालचाल आणि ताण अधिक असल्यामुळे या गाठी सर्वाधिक तिथेच आढळतात, आणि रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचे किंवा पुढचे असतात.

एमआरआयच्या ज्या चित्रांत पाणी पांढरे दिसते, त्यांत ही गाठ पांढरी, गोलसर आणि काळ्या कडेची दिसते, आणि ती फॅसेट सांध्याला चिकटून असते. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. चकतीचा, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीचा, तुटलेला तुकडा बहुधा नसांच्या नलिकेच्या पुढच्या बाजूने येतो, ही गाठ मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून येते. नसेच्या आवरणाची गाठ असण्याची शंका आली तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात उजळणारे औषध) देऊन पुन्हा चित्रे घेतात. सिस्टची फक्त कडा उजळते, भरीव गाठ आतूनही उजळते. गाठीत रक्तस्राव झालेला असेल किंवा आतला द्रव दाट झालेला असेल तर रंग बदलतात आणि आम्हालाही दोनदा पाहावे लागते. भिंतीत चुना जमला असेल तर तो सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट कळतो.

आता आपल्या पेचाशी संबंधित गोष्ट. एमआरआय आडवे झोपवून काढतात. झोपल्यावर सरकलेला मणका पुष्कळदा जागेवर जातो, त्यामुळे नुसत्या एमआरआयवरून सांधा किती सैल आहे हे ठरवता येत नाही. उभ्याने बाजूचा एक्स-रे, मग पुढे वाकून एक आणि मागे वाकून एक, असे काढलेले आहेत का? नसतील तर आधी ते काढावेत. एमआरआयमध्ये फॅसेट सांध्यात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त जाडीचा द्रव दिसत असेल तर उभ्याने सरक वाढत असावी अशी शंका घेतात. त्यामुळे पुढच्या भेटीला केवळ लेखी अहवाल न नेता चित्रांची सीडी सोबत न्यावी.

---

तांबडी_माती

विषय मणक्याचा आहे, पण जातकुळी एकच असल्यामुळे माझा अनुभव लिहितो. माझ्या गुडघ्याच्या मागे लिंबाएवढी गाठ होती. पाय सरळ केला की टणक लागे, वाकवला की मऊ पडे. डॉक्टरांनी बेकर सिस्ट सांगितली आणि काही करू नका म्हणाले. एका संध्याकाळी जिना उतरताना मागे काहीतरी फुटल्यासारखे वाटले आणि रात्रीपर्यंत पोटरी सुजून लाल झाली. तातडीने डॉपलर सोनोग्राफी केली, कारण शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी हुबेहूब अशीच सुजते. गुठळी निघाली नाही; सिस्ट फुटून द्रव पोटरीत उतरला होता. नंतर घोट्याखाली आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा निळा डाग उमटला, आणि या प्रकारात तो उमटतो असे मला तेव्हा कळले.

सांगण्याचा मुद्दा असा की गाठ काढण्याऐवजी माझ्या गुडघ्यातल्या फाटलेल्या मेनिस्कसवर (कूर्चेच्या गादीवर) उपचार झाले आणि गाठ परत आली नाही. म्हणून मला वाटते की धागालेखकांच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

---

राखाडी_छटा

@तांबडी_माती, गुठळी नाही याची खात्री आधी करून घेतली हे योग्य झाले. गुडघ्याच्या सिस्टचे वर्णन लंडनच्या विल्यम मॉरंट बेकर यांनी १८७७ मध्ये केले, आणि सांध्यातल्या दोषाशी तिचा संबंध त्यांनी तेव्हाच जोडला होता. प्रौढांमध्ये आतला दोष शिल्लक ठेवून नुसती गाठ काढली तर ती परत येण्याची शक्यता बरीच असते. मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या गुडघ्यामागच्या गाठी बहुधा आपोआप जिरतात.

तरीही गुडघ्याचा न्याय मणक्याला जसाच्या तसा लावू नये. गुडघ्यातला मेनिस्कस दुरुस्त करता येतो. झिजलेला फॅसेट सांधा दुरुस्त करता येत नाही, मणके जोडून त्याची हालचाल फक्त कायमची थांबवता येते.

---

खडू_फळा

मला या सगळ्याबद्दल थोडी शंका आहे. साठीनंतर कोणाच्याही कमरेचा एमआरआय काढला तर चकती सरकलेली, नलिका अरुंद, सांधा झिजलेला असे काही ना काही निघतेच. अहवालात मोठे नाव आले की घर हादरते. माझ्या शेजाऱ्यांच्या अहवालातही हीच सिस्ट होती. त्यांना कंबरदुखीखेरीज काही नव्हते, पायाकडे दुखणे कधी गेलेच नाही. त्यांनी चालणे आणि व्यायाम चालू ठेवले आणि आजही ते सकाळी टेकडीवर दिसतात. गाठ आहे म्हणून तिच्यावर काहीतरी केलेच पाहिजे, या विचाराला माझा विरोध आहे.

---

अस्थिर_अस्थी

खडू_फळा सरांच्या म्हणण्याशी मी अर्धा सहमत आहे, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. उपचार चित्रावर करत नाहीत, रुग्णावर करतात. गाठ डावीकडे आणि दुखणे उजवीकडे, किंवा गाठ आहे पण दुखणे केवळ कमरेत, अशा रुग्णात गाठीला दोषी धरता येत नाही. परंतु धागालेखकांच्या आईंची तक्रार गाठीच्या जागेशी तंतोतंत जुळते : डावी बाजू, पाचवी नस, अंगठ्याकडे मुंग्या, चालल्यावर वाढणारे आणि बसल्यावर कमी होणारे दुखणे. शेजाऱ्यांचे प्रकरण आणि हे प्रकरण एका मापाने मोजता येणार नाही.

चालण्याच्या त्रासाबद्दल एक तपासणी राहून जाऊ नये. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालल्यावर पोटऱ्या भरून येतात, आणि मधुमेह व हृदयविकार असलेल्यांत तशी शक्यता असतेच. त्यात नुसते थांबून उभे राहिले तरी आराम पडतो. नसेवरच्या दाबात मात्र बहुधा बसावे किंवा पुढे वाकावे लागते. पावलावरची नाडी हाताला लागते का, हे डॉक्टरांनी पाहिले असेलच, नसेल तर विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेशिवायचा मार्ग आहे. पाऊल उचलण्याची ताकद कमी झालेली नसेल तर काही आठवडे औषधे, योग्य व्यायाम आणि वाट पाहणे हा रीतसर उपचार आहे, कारण काही गाठी आपोआप आकसतात. त्यापुढची पायरी इंजेक्शनची. एक्स-रे किंवा सीटीच्या साहाय्याने सुई थेट फॅसेट सांध्यात घालतात, स्टेरॉइड आणि भूल देणारे औषध सोडतात, आणि मग आतला दाब वाढवून गाठ फोडण्याचा प्रयत्न करतात.

वाट पाहण्याला मात्र मर्यादा आहे. पाऊल लुळे पडू लागले, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसण्याच्या जागेची संवेदना गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये गाठीत एकदम रक्तस्राव होऊन दुखणे तासाभरात असह्य झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, म्हणून हे आईंना आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.

---

थेम्सकाठ

माझ्या सासूबाईंना इथे इंग्लंडमध्ये असेच इंजेक्शन दिले होते. त्यांच्या सांगण्यानुसार गाठ फुटताना तेच ओळखीचे पायाचे दुखणे क्षणभर जोरात आले आणि मग एकदम हलके वाटले. पुढे बराच काळ त्या ठीक होत्या, नंतर दुखणे हळूहळू परतले आणि अखेर शस्त्रक्रिया झालीच. त्या म्हणतात की तरीही इंजेक्शनचा पश्चात्ताप नाही, कारण मधल्या काळात नातीचे लग्न उभ्याने लागले.

शस्त्रक्रियेत गाठ नसांच्या आवरणाला घट्ट चिकटलेली निघाली. सोडवताना आवरणाला बारीक छेद गेला, तो तिथल्या तिथे शिवला आणि दोन दिवस त्यांना उताणे झोपवून ठेवले. या शस्त्रक्रियेत असे होऊ शकते, हे आधीच सांगितले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. ही शक्यता आपल्या दोन्ही डॉक्टरांना विचारून ठेवावी.

---

उचापती

अवांतर : माझ्या मनगटावर हरभऱ्याएवढी गाठ आहे. आमची आजी म्हणायची की रुपयाचे नाणे घट्ट बांधून ठेव. आता नाणे बांधू की यूपीआय करू?

---

अस्थिर_अस्थी

@उचापती, ती बहुधा गँगलियन असेल. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गाठी काही न करता जातात, त्यामुळे आजीबाईंच्या नाण्याला श्रेय मिळणे स्वाभाविक आहे. अंधारात गाठीला टॉर्च लावून पाहा. द्रवाची गाठ उजळून निघते. जाड पुस्तकाने ठोकून फोडण्याचा जुना उपाय कृपया करू नका, त्यात मनगटाला इजा होते. सुईने काढल्यास आतून दाट जेली निघते, पण गाठ पुष्कळदा परत भरते. गाठ तळव्याच्या बाजूला असेल तर शेजारून रोहिणी जाते, तिथे सुईचा हौशी प्रयोग नकोच. उजळली नाही, भराभर वाढली किंवा टणक लागली, तर सोनोग्राफी करून घ्या. भरीव गाठीला सिस्ट समजून वर्षे घालवलेली मी पाहिली आहेत.

---

सागरगोटी

मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या वडिलांनी गोळ्यांना कंटाळून एका मालीशवाल्याकडून कंबर 'बसवून' घेतली होती. तो पाठीवर गुडघा ठेवून जोराने पिळे देत असे. दोन-तीन वेळा बरे वाटले, असे ते म्हणत. अशा उपायाने सिस्ट फुटून बरी होणे शक्य आहे का?

---

पाठीराखी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. @सागरगोटी, कोणाची गाठ योगायोगाने फुटली असे घडू शकेल, पण नसेवर दाब आणि मणक्याची सरक दोन्ही असताना पाठ पिळणे धोक्याचे आहे. अशा रुग्णाला मी मुळीच झटके देत नाही.

व्यायामाने सिस्ट जात नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. व्यायामाने चालण्याचे अंतर वाढते आणि पोट-पाठीचे स्नायू सांध्याचा भार थोडा उचलतात. मागे वाकल्यावर नसेची जागा आणखी अरुंद होते, म्हणून भुजंगासनासारखी आसने या रुग्णांना मी देत नाही. चकतीच्या दुखण्यासाठी शिकलेली तीच आसने लोक इथेही करत राहतात आणि दुखणे वाढवून घेतात. पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी घेणे, पोटाचे स्नायू आत ओढून धरणे आणि स्थिर सायकल, एवढ्यावर सुरुवात होते. सायकलवर पुढे झुकलेले असल्यामुळे चालू न शकणारे रुग्णही ती बऱ्यापैकी चालवतात. पट्टा सतत बांधू नये, घराबाहेर पडताना पुरे.

---

आकडेमोड

स्क्रूंच्या प्रश्नावर नुसती मते मांडण्यापेक्षा चाचण्या काय सांगतात ते पाहू. मणका सरकलेला आणि नलिका अरुंद, अशा रुग्णांत नुसती नस मोकळी करणे आणि सोबत मणके जोडणे यांची तुलना झालेली आहे. २०१६ मध्ये दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. स्वीडनच्या चाचणीत २४७ रुग्ण होते, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिकांत सरक होती, आणि जोडण्याचा जादा फायदा आढळला नाही. अमेरिकेच्या चाचणीत ६६ रुग्ण होते, त्यात जोडलेल्यांचा शारीरिक आरोग्याचा गुणांक थोडा अधिक सुधारला, आणि चार वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जोडलेल्यांत १४ टक्के तर न जोडलेल्यांत ३४ टक्के होते. २०२१ मध्ये नॉर्वेची २६७ रुग्णांची चाचणी आली. तिच्यात नुसती नस मोकळी करणे हे जोडण्यापेक्षा कमी ठरले नाही.

म्हणजे सरक दिसली की स्क्रू, हा नियम टिकत नाही. पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने माझे मत आहे.

---

अस्थिर_अस्थी

@आकडेमोड, आकडे बरोबर आहेत, निष्कर्षात मात्र थोडी घाई होते आहे. अमेरिकेच्या चाचणीत वाकल्यावर मणका स्पष्टपणे हलणारे रुग्ण घेतलेच नव्हते. शिवाय या चाचण्या प्रामुख्याने सरकलेल्या मणक्यांच्या आहेत, खास सिस्टच्या नाहीत. सिस्ट हीच मुळी तो सांधा हलतो आहे याची एक खूण मानली जाते, आणि मणके जोडल्यास त्या जागी ती पुन्हा होण्याचे प्रमाण कमी दिसते, एवढा मुद्दा दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. त्यांच्या विरुद्ध बाजूला मोठी शस्त्रक्रिया, जास्त रक्तस्राव, मधुमेहात जंतुसंसर्गाची भीती, आणि जोडलेल्या भागाच्या वरच्या सांध्यावर पुढे येणारा ताण आहे. हाडे ठिसूळ असतील तर स्क्रूंची पकडही सैल राहते, म्हणून या वयात डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) आधी करावी.

मी माझ्या रुग्णांना तीन प्रश्न विचारतो. पाय जास्त दुखतो की कंबर? वाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका हलतो का? गाठ काढताना फॅसेट सांध्याचा किती भाग कापावा लागणार आहे? पायच दुखत असेल, मणका हलत नसेल आणि सांधा बहुतांश राखता येणार असेल, तर मी स्क्रू घालत नाही. कंबर पायाइतकीच दुखत असेल आणि मणका हलत असेल तर घालतो. मधल्या रुग्णांबाबत दोन प्रामाणिक डॉक्टरांची दोन मते होणारच.

---

खडू_फळा

हा प्रतिसाद वाचून समाधान झाले. आता कोणीतरी खर्चाचेही लिहावे, कारण स्क्रूंनी बिल किती वाढते हे निर्णयात येतेच, कोणी उघड बोलत नाही एवढेच.

---

आकडेमोड

खडू_फळा सर, म्हणूनच दोन्ही डॉक्टरांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यात इम्प्लांटची किंमत स्वतंत्र दाखवायला सांगावी. विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या वेळी तो आकडा लागतोच. अस्थिर_अस्थी यांचा सांध्याच्या हालचालीचा मुद्दा मान्य आहे. माझे मत 'मणका हलत नसेल तर पहिले डॉक्टर' असे दुरुस्त समजावे.

---

गोदाकाठ (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. राखाडी_छटा यांच्या सूचनेप्रमाणे उभ्याने आणि वाकून एक्स-रे काढले. सरक आहे, पण पुढे-मागे वाकल्यावर ती जवळपास वाढत नाही. आईला विचारले तेव्हा तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले की कंबर तिची तीस वर्षांची सोबतीण आहे, तक्रार पायाचीच आहे. पावलावरच्या नाड्या दोन्हीकडे लागतात आणि अंगठा उचलण्याची ताकद शाबूत आहे. डेक्साची तारीख घेतली आहे.

हे सगळे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. एक्स-रे पाहून त्यांनी स्वतःच सांगितले की आधी इंजेक्शन द्यायला हरकत नाही, आणि त्याने भागले नाही तर स्क्रूंशिवायच्या शस्त्रक्रियेचाही विचार करता येईल. त्यामुळे पुढच्या आठवड्यात इंजेक्शन ठरले आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे काय करायचे, हे मात्र तिथे विचारायचे राहिले.

---

अस्थिर_अस्थी

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. हृदयरोगतज्ज्ञांना इंजेक्शनची तारीख सांगून लेखी सूचना घ्या आणि ती इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना आधीच दाखवा. औषधानुसार थांबण्याचे दिवस बदलतात, आणि स्टेंट असेल तर काही काळ ते थांबवताच येत नाही.

---

पाठीराखी

स्टेरॉइडमुळे काही दिवस साखर वाढते, हेही मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा. त्या काळात घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशी आणि संध्याकाळी साखर मोजून वहीत लिहीत जा. इंजेक्शनच्या दिवशी आईंना रिक्षाने नेऊ नका, परतताना भुलीमुळे पाय जड असू शकतो. चारचाकी आणि सोबत एक आधाराला माणूस असू द्या.